आजाराचा आकडा

१

माणसाचं नाव बदलतं, पत्ता बदलतो, मन तर दिवसातून दहादा बदलतं. रक्तगट तेवढा जन्मभर चिकटून राहतो. पण कारांगसोका गावात बावीस माणसांचा रक्तगट काही आठवड्यांत बदलला होता.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव बातिकचं. घरोघरी बाया हातात चांतिंग घेऊन बसतात. चांतिंग म्हणजे तांब्याच्या बारीक चोचीची लेखणी. तिच्यातून गरम मेण ओघळतं आणि कापडावर नक्षी उमटते. दोन पावसाळ्यांपूर्वी चिकुनगुन्याने या गावाला झोडपून काढलं. लोक त्याला हाडांचा ताप म्हणायचे. ताप आठवड्यात उतरला, पण बोटं आखडली ती आखडलीच. कितीतरी बायांच्या हातातून चांतिंग सुटली ती कायमची. त्यामुळे लशीच्या चाचणीसाठी माणसं हवीत असं कळलं, तेव्हा तापातून सुटलेले लोक आपणहून पुढे आले. निम्म्यांना खरी लस मिळणार होती, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे टोचणारीलाही ठाऊक नव्हतं आणि टोचून घेणाऱ्यालाही नाही.

टोचण्याआधी एकदा रक्त घेतलं, टोचल्यावर दोनदा. वर्षभराने देखरेख समितीने नळ्या पुन्हा तपासल्या आणि बावीस नंबरांवर अडकली. पहिल्या खेपेचा गट एक, दुसऱ्या खेपेचा भलताच. समितीने त्याचा सरळ अर्थ लावला: माणसं आली नसतील, म्हणून कोणीतरी हाताला लागेल त्याचं रक्त काढून नळ्या भरल्या. चाचणी मोडीत काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी एकदा बघून या, म्हणून त्यांनी तियुर्मा सिहोंबिंगला धाडलं.

तियुर्मा सुमात्रातल्या मेदानकडची, बाताक जमातीची. उमेदीची वर्षं पोलिसांसाठी रक्त तपासण्यात गेलेली. बाताक बाई साधं चहाला साखर किती विचारते तेव्हाही जाव्याच्या माणसाला वाटतं, आता ही भांडणार. आल्या आल्या ती उताऱ्याच्या घराच्या पायऱ्यांवर ठेचकाळली. सगळ्यात वरची पायरी म्हणजे एक बोटभर जाडीची फळी होती, उगाच ठोकलेली. तिने त्या सुताराच्या नावाने चार शब्द खर्ची घातले आणि तशीच लंगडत दवाखान्यात गेली.

चाचणीचा प्रमुख डॉक्टर विबावा तरुण होता, आणि किती दिवस झोपला नसेल कोण जाणे. तियुर्माने खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं, "नळ्या तुम्ही भरल्यात का?"

त्याचा चेहरा पडला. "माझ्या आईची बोटं याच तापाने गेली. मी कशाला असलं काही करीन?"

"आईचं कारण सांगून खोटं करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी कारण विचारलं नाही."

"नाही भरल्या," तो म्हणाला. "पण ही चाचणी गेली ना बाई, तर पुन्हा या गावात लस यायला दहा वर्षं लागतील. आणि ताप काही तेवढा थांबणार नाही."

समितीला शुक्रवारी निर्णय घ्यायचा होता. तियुर्माच्या हातात चार दिवस होते आणि त्यातला पहिला दिवस अर्धा संपला होता.

२

नळ्यांपर्यंत हात पोचतील अशी माणसं मोजकीच होती. डॉक्टर स्वतः, परिचारिका कुस्तिनी, नळ्या गोठवून ठेवणारा प्राप्तो, आणि गावची आरोग्यसेविका वागिराह.

कुस्तिनीने सगळं धडाधड सांगितलं. पहिल्या दिवशी जो जसा रांगेत आला त्याप्रमाणे त्याला एक, दोन, तीन असे नंबर दिले. कार्डावर नाव घालायचं नाही, फक्त नंबर, गुप्तता राहावी म्हणून. आठवड्याने कार्ड दाखवायचं, की त्या नंबरची बाटली काढून टोचायचं. माणूस तोच आहे हे कशावरून, असं तियुर्माने विचारलं तेव्हा मात्र ती अडखळली. चेहरे बू वागिराहला, म्हणजे वागिराहबाईंना, ठाऊक, ती दारात उभी राहून एकेकाला आत पाठवायची, असं म्हणाली. आणि वर हेही सांगितलं की वागिराह नसती तर रांग लागलीच नसती. सगळे एकमेकांना पुढे ढकलत होते. पहिल्या दिवशी तिने स्वतः सर्वांआधी बाही वर सारली, रक्त काढून घेतलं, तेव्हा कुठे लोकांना धीर आला.

प्राप्तो घुम्यासारखा बसून होता. वीज गेली तेव्हा आपण मासळीबाजारातून बर्फ डोक्यावर वाहून आणला, हे त्याने दोनदा ऐकवलं. नळ्यांची सरमिसळ झाली असेल का, असं विचारल्यावर त्याने नाक मुरडलं. "नळीत काय आहे ते मला विचारू नका. मी फक्त थंड ठेवतो. तापायचं काम डॉक्टरसाहेबांकडे आहे."

वागिराहकडे ती स्वतः गेली. पन्नाशीची, किडकिडीत बाई, सगळ्या गावाचं बाळंतपण आणि आजारपण निस्तरणारी. ओसरीत मेणाची चूल पेटलेली होती. तियुर्माने काहीही विचारलं की वागिराह खाली बघून म्हणायची, "इंगिह." म्हणजे होय. पण जाव्याच्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ होय असतो, ऐकलं असाही असतो, आणि आता पुरे असाही असतो. तियुर्माचं डोकं तापलं.

तेवढ्यात वागिराहची लेक चहा घेऊन आली. विनार्सिह तिचं नाव, पंचविशीची असेल. पेला तिने दोन तळव्यांत दाबून आणला होता, कारण बोटं वळत नव्हती. टोचून घेतल्यावर दोन महिन्यांनी तिला ताप आला होता. त्याआधी गावात तिच्याइतकी बारीक नक्षी कोणी काढत नसे. आता ती रंगवलेली कापडं उकळायचं काम करते, असं तिनेच हसत सांगितलं. वागिराहने लेकीच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ते तियुर्माच्या लक्षात राहिलं.

३

दुसऱ्या दिवशी तियुर्माने प्राप्तोला बावीस नंबरांच्या नळ्या बाहेर काढायला लावल्या. फक्त या बावीस नंबरांच्या नावांचा लखोटा समितीने दिला होता, पण तो तिने बॅगेतच ठेवला. तिची ही जुनी खोड. नाव कळलं की डोकं आधीच निकाल लावून मोकळं होतं, असं ती म्हणायची.

तिने नुसता गट पाहिला नाही. रक्ताच्या आणखी बारीकसारीक खुणा जुळवल्या. दुपारपर्यंत टेबलावर अकरा जोड्या उभ्या राहिल्या. चौदा नंबरचं पहिलं रक्त एकतीस नंबरच्या दुसऱ्या नळीत होतं, आणि एकतीसचं चौदामध्ये. पुढची जोडी तशीच. त्याच्या पुढचीही तशीच.

तिने विबावाला बोलावलं. "खोट्या नळ्या भरणारा माणूस हाताला येईल त्याचं रक्त घेतो. इतक्या नेटक्या अदलाबदली कशाला करील? तुम्ही सुटलात."

विबावाने नळ्यांवरचे नंबर स्वतः पुन्हा जुळवून पाहिले. मग त्याने हळूच प्राप्तोकडे पाहिलं.

"तोही नाही," तियुर्मा म्हणाली. "स्टँड पालथा झाला असता तर शेजारशेजारच्या नळ्या मिसळल्या असत्या. चौदा आणि एकतीस कुठले शेजारी? आणि कुस्तिनीने त्या दिवशी घोळ घातला असता तर तिसऱ्या खेपेला सगळं जागेवर आलं असतं. तिसरं रक्त दुसऱ्याशी तंतोतंत जुळतंय. नळ्या बदललेल्याच नाहीत. माणसंच बदललीत. पहिलं रक्त दिल्यावर आठवड्याभरात लोकांनी घरी बसून आपापसात कार्डं बदलली."

का बदलली, हे मात्र तिला सांगता येईना. कोणत्या बाटलीत लस आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, मग बदलून मिळवायचं काय? तिने बावीस आकडे खडूने टेबलावर लिहिले आणि बघत बसली. बऱ्याच वेळाने तिला दिसलं. प्रत्येक जोडीत एका आकड्याच्या शेवटी चार, पाच, नऊ किंवा शून्य होतं. दुसऱ्याच्या शेवटी यातलं काहीही नव्हतं. अकराच्या अकरा जोड्यांत हेच.

डोकं पिकून ती उताऱ्यावर परतली आणि त्याच वरच्या फळीला पुन्हा ठेचकाळली. घरमालक जुमादी तेल घेऊन धावला. ही बिनकामाची पायरी का मारलीस, असं तिने दरडावून विचारलं. तो बिचारा ओशाळला.

"पाचच होत होत्या, बू. पाचवर कसं थांबणार?" आणि त्याने पायऱ्यांना एकेक करत हात लावून मोजून दाखवलं. "सांदांग, पांगान, पापान, लोरो, पाती. कापड, अन्न, घर, आजार, मरण. पाचवी पायरी मरणावर येते. म्हणून एक फळी वाढवली, की पुन्हा कापडावर येतं. आमच्याकडे सगळे असंच मोजतात. चौथ्यावर किंवा पाचव्यावर कोणी थांबत नाही."

तियुर्मा पाय चोळायचं विसरली. चार म्हणजे आजार, पाच म्हणजे मरण. सहापासून पुन्हा कापड. नऊ आजार, दहा मरण. ती तशीच आत गेली आणि तिने बॅगेतला लखोटा फोडला.

४

नावं वाचली तेव्हा चित्र लख्ख झालं. आजाराचे आणि मरणाचे नंबर मुळात मिळाले होते ते लेकुरवाळ्यांना, नुकतं लग्न झालेल्या पोरींना, कमावत्या पोरांना. आता ती कार्डं त्यांच्याच घरातल्या आज्यांकडे नि काकांकडे होती.

सकाळी तिने वागिराहच्या पुढ्यात बसून उजव्या हाताची बोटं एकेक करून मोजली. कापड, अन्न, घर. चौथ्या बोटावर आली तशी वागिराहने तिचा हात धरला. या खेपेला ती इंगिह म्हणाली नाही.

तिने सगळं सांगितलं. कार्डं घरी गेली त्याच संध्याकाळी लोक तिच्याकडे यायला लागले. कोणी रडत, कोणी कार्ड परत करायला. निम्मं गाव चाचणी सोडणार असं दिसत होतं. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला असता. "तरुण पोरीच्या हातात मरणाचा आकडा द्यायचा आणि जा म्हणायचं सुई टोचून घ्यायला? माझ्याच्याने होईना, बू डॉक्टर. म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्ही पिकली पानं, आमचं काय व्हायचंय, आण ते कार्ड इकडे. मग मीच घरोघरी फिरून बदलून दिली." नुसत्या आकड्यांनी असा काय फरक पडणार आहे, सगळ्यांनी सुई तर घेतली, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

अदलाबदली अकराच नव्हत्या. ज्यांचे रक्तगट सारखे होते त्यांच्या नळ्या समितीच्या चाळणीतून खाली गेल्या होत्या. अशा आणखी आठ जोड्या वागिराहने तोंडपाठ सांगितल्या. तियुर्माने तिथेच बोलावून घेतलेल्या विबावाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी कोणाचं कार्ड घेतलं हे एकदा कळलं, की कोणाला कोणती सुई मिळाली हे पुन्हा लावता येणार होतं. गावातल्या सगळ्या नळ्या शुक्रवारपर्यंत बारकाईने तपासणं शक्य नव्हतं, म्हणून समितीने फोनवरून होकार देताना अट घातली. प्रत्येक जोडीने गावाच्या चावडीत उभं राहून ते कबूल करायचं, आणि तियुर्माने सही करून सांगायचं की यापलीकडे एकही अदलाबदल लपलेली नाही. पुढेमागे एक जरी निघाली, तर सगळंच रद्द.

कामं झाली म्हणून तियुर्मा उठली. वागिराहने आपलं कार्डही दाखवायचं असेल म्हणून पिशवीतून काढून पुढे केलं. चव्वेचाळीस. तिने ते पाहिलं, परत दिलं, आणि रस्त्याला लागल्यावर तिचे पाय थांबले. रांगेत सगळ्यांच्या आधी बाही वर करणाऱ्या बाईचा नंबर एक असायला हवा होता.

५

गुरुवारी दुपारी ती पुन्हा त्या ओसरीत गेली. विनार्सिह मागच्या अंगणात कापड उकळत होती. वागिराह चुलीशी बसून चांतिंग चालवत होती, आणि तिची बोटं विशीतल्या पोरीसारखी सरसर फिरत होती. चव्वेचाळीस, म्हणजे आजार. तियुर्माला प्रश्न विचारायची इच्छाच उरली नव्हती, तरी तिने विचारला.

"चव्वेचाळीस विनार्सिहचा होता ना?"

मेणाचा एक थेंब भलतीकडे पडला. वागिराहने तो नखाने खरवडला.

"आम्हा दोघींचं रक्त सारखं आहे," ती म्हणाली. "कोणाला कधी कळणार नाही."

"मला कळलंय."

"मलाही कळलंय, बू डॉक्टर. आम्ही दोघी दिवसभर याच चुलीशी बसतो. डास दोघींना चावले. ती पडली, मी नाही पडले. त्या बाटलीत काय होतं ते मला समितीने सांगायला नको." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "गावातली पहिली अदलाबदल मीच केली. तिच्या वाटणीचा आजार मी घेते म्हटलं, आणि घेतली तिच्या वाटणीची लस. तिचे हात आता माझ्या हातांत आलेत. ही नक्षी तिचीच आहे, तिने निम्मी सोडलेली. हे मी चावडीत कसं बोलू? तिला काय वाटेल?"

तियुर्माने आयुष्यात खुनी माणसांना नजर न हलवता प्रश्न विचारले होते. आज तिने नजर चुलीतल्या विस्तवावर ठेवली. तिने तरीही जे होतं ते सांगितलं. हे मी सांगितलं तर समिती म्हणेल, जिने एक लपवली तिने आणखी दहा लपवल्या असतील, आणि सगळं बुडेल. तुम्ही स्वतः बोललात तरच तुमच्या बाकीच्या एकोणीस जोड्यांवर कोणी विश्वास ठेवील. आणि गप्प राहिलात तर मी सही करणार नाही. मला खोट्यावर सही करता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

वागिराह "इंगिह" म्हणाली, आणि तियुर्माला त्याचा अर्थ लागला नाही.

शुक्रवारी चावडी माणसांनी भरली. एकेक जोडी उठत गेली. आजी नि नात, सासू नि सून, काका नि पुतण्या. कोणी लाजत, कोणी मान खाली घालून. एका म्हातारीने, मरण घेऊनही मी अजून मेले नाही हे लिहून घ्या, असं ठणकावलं तेव्हा लोक हसले. एकोणीस जोड्या झाल्या. विबावाने कागद तियुर्मापुढे सरकवला. तिने पेन उघडलं आणि तसंच धरून बसली. का थांबलात, असं विबावाने दोनदा विचारलं. सही न करता उठायचं, गाडी पकडायची आणि गावाचा शाप घ्यायचा, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

मग मागच्या भिंतीपाशी वागिराह उभी राहिली.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "चव्वेचाळीस माझ्या लेकीचं कार्ड. ते मी घेतलं. माझं एक नंबरचं तिला दिलं."

विबावाला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तो भान विसरला. "एका घरातल्या, एका चुलीशी बसणाऱ्या दोघी," तो म्हणाला. "एकीला ताप, एकीला नाही. बू, ही तर आपली सगळ्यात पक्की जोडी. लस चालते याला यापेक्षा काय..." आणि मग त्याला विनार्सिहचे हात दिसले. एवढा वेळ ज्यांना काही समजलं नव्हतं त्यांनाही आता समजलं होतं.

विनार्सिह बायांच्या घोळक्यातून उठली आणि आईसमोर येऊन उभी राहिली. वागिराहने मान वर केली नाही.

"आई, माझं कार्ड घेतलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं, त्यात काय आहे?"

"आजार, न्दुक, माझ्या बाळा."

"तुला खरंच तसं वाटलं होतं?"

"हो."

"आणि तरी घेतलंस." विनार्सिहचा आवाज फाटला, पण तिने तो सावरला. "मग माझ्यापुरतं तेवढंच. बाकीचं डॉक्टरसाहेबांना लिहून घेऊ दे."

तियुर्माने मान फिरवून डोळे पुसले, आणि कोणी पाहिलं असेल तर पाहू दे, असं तिला वाटलं. कबुलीवर दोघींच्या सह्या हव्या होत्या. वागिराहने आपली केली. विनार्सिहची बोटं पेनाभोवती वळेनात, तेव्हा आईने तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघींनी मिळून तिचं नाव सावकाश लिहिलं.